आईचा नंबर चुकवू नका

मी एक तुंबा, वाळवून पोखरलेला भोपळा. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांना माझा आवाज ऐकू जात नाही, म्हणून तुमच्याशी बोलतोय.

माझं तोंड म्हणजे वरच्या अंगाला कापलेलं एक गोल भोक. त्याला पांढऱ्या धातूची कड बसवली आहे. माझ्या पोटात येर्बाचा वाळलेला कडू पाला भरतात, वर गरम पाणी ओततात आणि चांदीच्या नळीने ते पाणी ओढून पितात. एकाचं पिऊन झालं की पुन्हा पाणी ओतायचं आणि शेजारच्याला द्यायचं. तुंबा एक, नळीही एक, पिणारे मात्र घरचे सगळे.

मला डोळे नाहीत. पोकळ असल्यामुळे ऐकू मात्र चांगलं येतं. माणसं मी हातांवरून आणि ओठांवरून ओळखतो. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते मी पाहिलेलं नाही. ते मला लागलं आहे.

दुरास्नो गावाबाहेर, यी नदीच्या काठच्या एका कुंपणावर माझा वेल चढला होता. आदेमार तेव्हा रेल्वेत कामाला होता आणि त्याची बायको एग्ले दुसऱ्यांदा गरोदर होती. त्याने मला देठापासून कापलं, माळ्यावर वाळवलं, तोंड उघडून आतला गर आणि बिया खरवडून काढल्या. मग ओला पाला आणि चिमूटभर राख भरून तीन दिवस तसंच ठेवलं. याला मुरवणं म्हणतात. न मुरवलेला तुंबा आतून कुजतो. तिसऱ्या दिवशी मी मुरलो आणि त्याच संध्याकाळी एग्लेला मुलगी झाली. तिचं नाव यानिना.

माझ्या जातीचे तुंबे पाच-सात वर्षांत तडकतात. मी एकोणतीस वर्षं टिकलो. एग्ले म्हणायची, "याला आपल्या घरातून जायचंच नाहीये."

एग्लेचे ओठ मला सगळ्यांत जास्त पाठ होते. तिचा समोरचा एक दात सोन्याचा होता. पिताना तो नळीवर आपटायचा आणि बारीक आवाज यायचा, टिक. प्रत्येक घोटाला एक. आदेमारच्या अंगठ्याला नख नव्हतं. थोरली मुलगी निबिया तळणीचा धंदा करायची, तिच्या हाताला चरबीचा वास असायचा. यानिना सैन्यात लागली, नाईक झाली, तरी मला धरताना दोन्ही तळवे लावायची, लहानपणी लावायची तसेच. तिचा नवरा मोंतेविदेओला गेला तो तिकडचाच झाला. त्याचे ओठ मला आता आठवतही नाहीत. आणि यानिनाची मुलगी नाहिर, पाच वर्षांची. तिला कडू आवडत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळ्या पेल्यात दूध-साखर. पण फेरीत तिचं स्टूल असायचंच, आईच्या खुर्चीला चिकटून.

रविवारी दुपारी चारला लिंबाच्या झाडाखाली फेरी बसायची. आदेमार पाणी ओतायचा. त्याचे नियम कडक होते. पाणी उकळू द्यायचं नाही, किटली कुजबुजायला लागली की उतरवायची. पहिला तुंबा सगळ्यांत कडू असतो, तो ओतणाऱ्याने स्वतः प्यायचा. आणि नंबर कुणी मोडायचा नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात एग्ले गेली.

नाहिरला कुणी काही नीट सांगितलं नाही. "आजी दूर गेली," एवढंच निबिया म्हणाली. नऊ दिवस घरात माणसांचा राबता होता आणि रोज फेरी बसायची. एग्लेची खुर्ची तिथेच होती. तिचा नंबर आला की आदेमार मला पाणी घालून भरायचा, पण शेजारच्याकडे द्यायचा नाही. स्वतःच्या मांडीवर धरून बसायचा. एग्लेला प्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ. कुणी बोलायचं नाही. मग तो मला पुढे द्यायचा.

त्या थांब्यात काय व्हायचं ते सांगतो. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. आदेमारचे दोन्ही हात माझ्याभोवती असायचे, गरम. आणि माझ्या नळीला ओठ लागायचे. गार, कोरडे. टिक. टिक. पाणी बोटभर कमी व्हायचं.

दहाव्या दिवशी आदेमारने खुर्च्या जवळ ओढून घेतल्या. एग्लेची खुर्ची आत गेली, थांबा संपला, आणि ते ओठही आले नाहीत.

या सगळ्या वेळात आपल्या स्टुलावर बसून नाहिर बघत होती. मोठ्यांच्या हे ध्यानातही नव्हतं.

उन्हाळा संपता संपता यानिनाला कागद आला. वर्षभरासाठी काँगोला, शांतिसेनेबरोबर. तिकडे तळ्याचं पाणी गाळून पिण्याजोगं करायचं काम होतं. जायला सात आठवडे होते.

"सात आठवडे म्हणजे पुष्कळ झाले," निबिया म्हणाली.

"ताई, मला सात आठवड्यांची काळजी नाहीये. नाहिर अजून माझ्या केसांत बोटं घातल्याशिवाय झोपत नाही. मी तिला सांगू काय?"

"काही सांगू नकोस. सवय लाव."

छावणीतल्या एका बाईंनी घरच्यांना बोलावून चार गोष्टी सांगितल्या होत्या. मुलांशी खरं बोला, थोडा थोडा वेळ दुसऱ्यांपाशी ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढची युक्ती निबियाची. पाऊस पडला की आमच्याकडे तळलेल्या पोळ्या खायची रीत आहे, तेव्हा ती चौकात कढई मांडून त्या विकते, आणि कुठल्याही गोष्टीवर तिच्याकडे उपाय तयार असतो.

"रविवारी चार ते सहा, तू नाहीस," ती यानिनाला म्हणाली. "बसायचं खुर्चीवरच. पण कुणी तुझ्याशी बोलणार नाही, तू कुणाशी बोलायचं नाहीस. पोरीला कळेल, आई नसली तरी फेरी चालते, आजोबा असतात, मावशी असते, आभाळ काही कोसळत नाही. आणि घाबरली तर आई समोरच आहे की!"

"हे जरा विचित्र वाटतं गं."

"तुझं जाणंच विचित्र आहे. लोकांच्या आया भाजी आणायला जातात."

आदेमारने नळी झटकली आणि मला फडताळात ठेवून दिलं.

पहिल्या रविवारी नाहिरला भारी मजा वाटली.

"आई, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

"कोण आई?" निबिया म्हणाली. "मला तर कुणी दिसत नाही. बाबा, तुम्हाला दिसतंय का कुणी?"

"नाही बुवा," आदेमार म्हणाला.

नाहिर खुदकन हसली. "ही काय, इथे तर बसलीय!"

"ती दूर गेलीय, राणी. खूप दूर."

नाहिर अजून हसतच होती. तेवढ्यात फेरी यानिनापाशी आली. आदेमारने मला भरलं, हात पुढे केला आणि मध्येच थांबला. द्यायचं तर नव्हतं. नंबर मोडायचीही त्याला सवय नव्हती. हाताला जे माहीत होतं ते हाताने केलं. त्याने मला मांडीवर घेतलं आणि धरून बसला.

नाहिरचं हसू अर्ध्यातच तुटलं.

कुणी बोललं नाही. आणि माझ्या नळीला काहीतरी गार लागलं.

टिक.

आठ महिन्यांनी. मी शहारलो, म्हणजे लाकडासारखी वस्तू जेवढी शहारू शकते तेवढा. थांबा दिसला म्हणून ती आली होती. बिचारीला वाटलं, अजून कुणीतरी आपल्यासाठी थांबतंय. तिचा त्यात काय दोष?

त्या दिवशी सहा वाजता यानिनाने नाहिरला उचलून घेतलं. "संपला खेळ! आले मी परत!" नाहिर तिच्या कडेवर ताठ राहिली. मग म्हणाली, "मला मावशीकडे दे."

असे चार रविवार झाले. प्रत्येक वेळी मांडीवरचा तो थांबा आणि प्रत्येक वेळी टिक. इकडे घरात निबिया खूश होती.

"बघ, म्हटलं नव्हतं? आता तुझं नावसुद्धा काढत नाही. रात्री माझ्याजवळ झोपते."

"माझ्या हातचं दूध पीत नाही ती," यानिना म्हणाली. त्या वेळी मी तिच्या तळव्यांत होतो, तळवे थंडगार होते. "मी हात धरला की सोडवून घेते. मग नळाखाली जाऊन हात धुते. ताई, इतक्या लवकर कुणाला सवय होते का गं?"

"मुलं असतातच तशी. आणि प्रेम नाही असं कुठाय? तुझ्या फोटोपुढे फूल ठेवलंय तिने. वर्दीतला तो, निळ्या टोपीचा. आईच्या फोटोशेजारी नेऊन मांडलाय आणि पाणी घालून पेल्यात फूल. किती गोड!"

त्यांच्या आईच्या, म्हणजे एग्लेच्या फोटोशेजारी. पेल्यात फूल. दोघींनाही त्यात फक्त गोडवाच वाटला.

मग एका बुधवारी, घरात कुणी नसताना, स्टूल ओढल्याचा आवाज आला. फडताळाचं दार उघडलं. दोन लहान हातांनी मला उचललं. नाहिर जमिनीवर बसली, मला मांडीवर घेतलं, अगदी आजोबा घेतात तसं, आणि माझ्या तोंडाला तोंड लावून हळूच म्हणाली,

"तुंब्या, आई कधी मेली?"

मी काय सांगणार?

"मला कुणी सांगत नाही. आजीच्या वेळीपण नाही सांगितलं. दूर गेली म्हणाले. आजोबा तुला असंच धरून बसायचे, कुणी बोलायचं नाही. आता आईच्या वेळी पण तसंच." तिचा श्वास माझ्या पोटात ऊबदार लागत होता. "आजीचं बरं आहे. ती फक्त रविवारी येते. टिक करते. आई रोजच येते. मला दूध देते. मी पीत नाही. मेलेल्या माणसाच्या हातचं प्यायलं तर आपणपण जातो ना?"

मग तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

"आईच्या केसांना अजून तिचाच वास येतो," ती म्हणाली. "म्हणून मी जवळ जात नाही. मग मला रडू येईल."

एकोणतीस वर्षांत मला आवाज असावा असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. यानिना अंगणात कपडे वाळत घालत होती, चिमट्यांचा आवाज येत होता. वीस पावलांवर. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं पोरी, आईला आत बोलाव, ती जिवंत आहे. पण तुंब्याच्या पोटात ओरडून काय होणार? नाहिरने मला पुसलं, फडताळात ठेवलं आणि दार लावलं.

यानिनाची बस पुढच्या मंगळवारी होती. आता सहा दिवस. ही पोर आईला मेलेली समजून दारात उभी राहणार आणि आई, पोरीला आपली गरजच उरली नाही असं समजून बसमध्ये चढणार. मग बारा महिने. हे फक्त मला माहीत होतं आणि मी भोपळा.

शेवटच्या रविवारी पावसाची झड लागली. फेरी स्वयंपाकघरात मांडली. निबियाने पाऊस पाहून कढई चढवली होती. "जायच्या आधी माझ्या हातच्या पोळ्या खाऊन जा, तिकडे तुला कोण तळून घालणार?" एवढं म्हणाली आणि मग जीभ चावली, कारण चार वाजून गेले होते आणि यानिना तिथे नव्हती. म्हणजे होती, खुर्चीत.

आदेमार माळ्यावर सुटकेसला बांधायची दोरी शोधत होता. त्यामुळे किटली एकटीच होती. मी ओट्यावर होतो, मला ऐकू येत होतं. ती आधी कुजबुजली. मग बोलायला लागली. मग झाकण उडायला लागलं.

कुणीतरी माझ्याजवळ उभं होतं. दुधाचा वास. नाहिर किटलीसमोर उभी राहून ऐकत होती. पाच वर्षांची असली तरी ती त्या घरातली मुलगी होती. पाणी उकळून बिघडलं हे तिला कळत होतं. ती कुणालाही हाक मारत नव्हती.

"मावशी," शेवटी ती म्हणाली, "पाणी थर्मासमध्ये ओत ना."

निबियाला तळणीतलं सगळं कळतं, पाण्यातलं काही नाही. तिने भराभरा ओतलं आणि बूच लावलं.

आदेमार खाली आला. "चला, द्या इकडे थर्मास."

"आज मी ओतणार," नाहिर म्हणाली.

"तू? बरं बाई. ये, माझ्या गुडघ्यांत उभी राहा. मी खालून धरतो. पहिला ओतणाऱ्याचा असतो, पण तुला कडू चालत नाही, तेव्हा पहिला माझा."

"नाही. पहिला आईला."

निबियाचा झारा कढईच्या काठावर आपटला.

"आई कुठाय इथे?" निबिया म्हणाली. खेळ तिने अजून सोडला नव्हता, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"आहे की. खुर्चीवर बसलीय. मला दिसते," नाहिर म्हणाली. "मला रोज दिसते. मी सांगत नाही, कारण तुम्हाला कुणालाच दिसत नाही."

पाणी माझ्या पोटात पडलं आणि मला आतून चर्र झालं. कडेपासून खाली, खोल कुठेतरी, बारीक टक्क झालं. जन्मात मला उकळतं पाणी कुणी घातलं नव्हतं. तडा गेला हे मला त्याच क्षणी समजलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या दोन लहान हातांतून निघालो आणि वाट बघत होतो, की आता आदेमार मध्ये हात घालेल आणि मला मांडीवर घेईल.

त्याने घेतलं नाही. मला दोन तळवे लागले. दोन्ही बाजूंनी.

यानिनाने नळी तोंडात घेतली आणि चांगला मोठा घोट ओढला.

"स्स्स! आई गं! जीभ... ताई, पाणी उकळलंय हे! जीभ भाजली माझी!"

"भाजली?" नाहिर म्हणाली. "खरंच भाजली?"

"अगं, खरंच म्हणजे काय! स्स्स..."

"दाखव."

"नाहिर..."

"जीभ दाखव!"

यानिनाने दाखवली असणार, कारण नाहिर एकदम ओरडली, "लाल झाली! आजोबा, बघा, हिची लाल झाली! हिला भाजतं!" आणि मग मी कलंडलो, कारण यानिनाच्या मांडीवर पाच वर्षांचं वजन येऊन आदळलं होतं. मी जमिनीवर पडलो. माझ्यातला पाला बाहेर सांडला. मला उचलायला कुणाला सवड नव्हती. वरून फक्त रडणं ऐकू येत होतं, आणि त्यातच तुटक तुटक शब्द. आजीच्या वेळी. मांडीवर धरून. दूर गेली म्हणाले. तू रोज यायचीस.

"देवा," निबिया म्हणाली. तिने शेगडी बंद केली. "देवा, मी काय करून बसले."

"तू नाही," आदेमार म्हणाला. त्याने खाली वाकून मला उचललं. "मी केलं ते. तो थांबा एग्लेचा होता. माझ्या हाताने तो दुसऱ्या कुणाला द्यायला नको होता. माझ्या ध्यानातच आलं नाही. माझ्या हातांनी आपलं केलं."

आम्हाला सगळ्यांना मिळून दीड दिवस उरला होता.

त्या दीड दिवसात यानिनाने नाहिरला सगळं खरं सांगितलं. मी ओट्यावर होतो, मेण लावून वाळत ठेवलेला. आदेमारने तडा मेणाने बुजवला होता.

"आजी मेली," यानिना म्हणाली. "ती परत येणार नाही. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी मेले नाहीये. मी विमानाने जाणार आहे आणि वर्षाने विमानाने परत येणार आहे."

"तिकडे बंदुका आहेत?"

"आहेत."

"तुला लागली तर?"

"लागू नये म्हणून आम्ही ती निळी टोपी घालतो. सगळ्यांना कळतं, हे भांडायला आलेले नाहीत."

"टोपी कापडाची आहे. मी हात लावून बघितलंय."

"लोखंडाचीपण आहे एक. तीही निळीच."

"मग तीच घाल. कापडाची घालू नकोस."

"हो साहेब."

"हसू नकोस. शपथ घे."

तिने शपथ घेतली. मग नाहिरने विचारलं, आता रविवारी तुझ्या नंबराचं काय करायचं, आणि यानिना म्हणाली, "चुकवायचा नाही. आजोबांनी मांडीवर धरायचा नाही. तुंबा भरायचा आणि माझ्या खुर्चीपुढे पाटावर ठेवायचा. तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतील. मी माझ्या पत्र्याच्या मगातून पिईन. गार झाला की तू उचल आणि पुढच्याला दे."

मंगळवारी सकाळी सगळे बसपर्यंत गेले. मी घरीच होतो. परत आल्यावर नाहिर सरळ फडताळाशी आली आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाली,

"तुंब्या, आई गेली. मेली नाही. गेली."

या गोष्टीला आठ महिने झाले. दर रविवारी मी त्या रिकाम्या खुर्चीपुढे पाटावर बसतो. पहिल्या वेळी मला भीती वाटली होती. थांबा तर हाही होताच, मग टिक आली तर? पण आदेमारने आता एग्लेला वेगळी जागा दिली आहे. फेरी सुरू होण्याआधी तो माझ्यातलं घोटभर पाणी लिंबाच्या बुंध्याशी ओततो आणि म्हणतो, "घे बाई." तेव्हा कधी कधी मातीतून बारीक आवाज येतो. ती तिथे सुखी असावी.

आणि खुर्चीपुढे? तिथे मला ओठ लागतात. कोमट. थोडे फाटलेले, उन्हाने फाटतात तसे. पिण्याआधी ते जरा थबकतात, भाजलेलं माणूस थबकतं ना, तसे, आणि हवा आत ओढतात. स्स्स. मग पाणी बोटभर कमी होतं.

मी दर रविवारी एवढंच तपासतो. कोमट आहेत ना. टिक नाही ना. स्स्स आहे ना.

मध्ये तीन आठवडे तिचा फोन आला नाही. रेडिओवर त्या बाजूचं काहीतरी सांगत होते, नाहिर आली की निबिया तो बंद करायची. तिसरा रविवार आला. मला पाटावर ठेवलं. मी वाट बघितली. काहीच लागलं नाही. वाफ थांबली. पाणी निवत चाललं. आदेमारचा हात मला मांडीवर घ्यायला उठला होता. मला तो जवळ आल्याचं कळलं, आणि तेवढ्यात नाहिर म्हणाली,

"थांबा आजोबा. गार नाही झालं अजून."

तो थांबला. आणि मग, अगदी शेवटी, गार होता होता, मला ते ओठ लागले. धावत आल्यासारखे, धुळीने भरलेले. स्स्स.

नाहिरने मला उचललं, हातात तोललं. "प्यायली," ती म्हणाली. कुणी तिला वेडी म्हटलं नाही. गुरुवारी फोन आला.

अजून चार महिने आहेत. माझा तडा मेणाखालून वाढतोय. परवा खालून एक थेंब पाझरला, तो नाहिरच्या मांडीवर पडला आणि तिने कुणाला न सांगता बोटाने पुसला. मला तेवढे चार महिने पुरायचंय. त्या दोन तळव्यांत एकदा जायचंय, मग खुशाल दोन शकलं होऊ देत, लिंबाखाली पुरा, एग्लेला सोबत होईल.

पण त्याआधीच फुटलो, तर एवढं ऐका. दुसरा तुंबा आणा, चांगला तीन दिवस मुरवा. पाणी उकळू देऊ नका. आणि तिच्या खुर्चीपुढे तो मांडला की घाईने उचलू नका. गार होईपर्यंत थांबा. तिला पोचायला कधी कधी उशीर होतो.